स्टिरिओचा आवाज आपोआप वाढतो

आमच्या गाडीचा स्टिरिओ बिघडलाय हे घरात माझ्याशिवाय कुणालाच मान्य नव्हतं. सगळ्यांच्या मते बिघडले होते ती मी.

गाडी पंधरा वर्षांची. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा माझ्या पगारातून घेतली आणि आजवर चालवली मीच. आमच्या ह्यांना चालवता येत नाही. तरुणपणी एकदा कॅम्पातल्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी शिकायला घेतलं. त्या अख्ख्या रस्त्यावर एकच झाड होतं, तेवढं ह्यांनी बरोबर शोधून काढलं. तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर बसतात, डोक्यावरची मूठ घट्ट धरतात आणि मला सूचना देतात. धाकटे भावजी खालच्या मजल्यावर राहतात, ते चालवतात. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढायला बघतात आणि वर गाडीतच दम नाही म्हणून सांगतात. आमचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं सगळं फोनवरून चालतं, गाडीसुद्धा तो फोनवरूनच चालवेल.

मला गाडी लागते ती निपाणीसाठी. माझी थोरली आक्का तिथं एकटी असते. तिचे गुडघे गेलेत. महिन्यातून दोनदा जाते, तिला दवाखान्यात नेते, बाजार आणून टाकते, दुपारी दोघी आडव्या पडून गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढतो, आणि उन्हं कलायच्या आत परत. काकती मागं पडलं की काच खाली करायची, संकेश्वरला चहा घ्यायचा, तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी. त्या दीड तासात मला सूचना द्यायला कुणी नसतं. माझ्या आयुष्यात आता एवढीच जागा अशी उरली आहे, हे मी सरळच सांगते.

तर दसऱ्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळी गाडी गेटातून बाहेर काढत होते. स्टिरिओ बंद होता. बंद म्हणजे बंद, मी हात लावलेला नव्हता. तो आपोआप चालू झाला आणि एफेमवरचा कन्नड जाहिरातवाला पूर्ण आवाजात माझ्या कानात ओरडला. मी अशी दचकले म्हणता! गाडी पुढं उसळली ती गल्ली ओलांडून समोरच्या घराच्या कट्ट्यावर आदळली. कट्ट्याशी समोरची शेजारीण भाजीवाल्याच्या गाड्यावर मेथी निवडत होती. ती दोन हातांवर होती. ती किंचाळली, मेथीच्या जुड्या रस्ताभर झाल्या, आणि स्टिरिओतला मेला तो तसाच साड्यांच्या सेलबद्दल ओरडत राहिला.

कट्ट्याचा कोपरा उडाला आणि माझा पुढचा दिवा फुटला, बाकी काही नाही. शेजारणीनं मात्र मला गल्लीच्या मधोमध उभं करून झाडलं. "म्हातारपणी हौस कशाला करायची बाई? माझं काय झालं असतं म्हंजे?" मी ऐकून घेतलं. तिला तो हक्क होता.

घरात मात्र ज्यांना कसलाच हक्क नव्हता त्यांनी तोंड सोडलं. भावजी म्हणाले, "वैनी, वय झालं की रिफ्लेक्स जात्यात." हे कोण म्हणतं, तर घरातल्या चपलेला अडखळून पडणारा माणूस. मी म्हटलं, स्टिरिओ आपोआप वाजला. तर म्हणे, "आपोआप कसा वाजंल? तुमचाच हात लागला असंल." मुलाला लगेच फोन गेला. तो म्हणाला, "आई, रागावू नकोस, पण दिवाळीला आलो की गाडी काढून टाकू या. तोपर्यंत किल्ली काकांकडं राहू दे." रागावू नकोस म्हणून पुढं जे काही बोलतात ना माणसं, ते सगळं रागावण्यासारखंच असतं.

आणि आमचे हे? त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून भावाच्या हातात दिली. "वादावादी नको," म्हणाले. एवढा शांतताप्रिय माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वतःच्या बायकोवर अन्याय करायचा असला तरी शांतपणे करतात.

दुसरी किल्ली माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, हे तिघा पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अशा लोकांनी माझं डोकं चालत नाही म्हणून निकाल द्यावा!

मी ठरवलं की दिवाळीपर्यंत त्या स्टिरिओचा दोष कुणाकडून तरी कागदावर लिहून घ्यायचा. नाहीतर गाडी जाणार होती, आणि गाडीबरोबर निपाणी. दुपारी जेवून हे झोपले, भावजी त्यांच्या पतसंस्थेत जाऊन खुर्ची गरम करायला लागले, की मी गाडी काढत होते. स्टिरिओ कधी ओरडेल ह्या धास्तीनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागचे लोक हॉर्न मारताहेत, अशी.

आधी गेले खानापूर रोडवरच्या एका दुकानात. दुकान कसलं, लखलखाट नुसता. सीट कव्हरं, निळे दिवे, शिंगासारखे हॉर्न. मालक तिशीचा, केसांना तांबडा रंग. गाडीच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि बाहेर काढलं, झाली तपासणी.

"मावशी, ह्यो कंपनी फिटेड हाय. ह्याला कोण रिपेर करत न्हाय आता. काढून टाकू. नऊ इंची अँड्रॉइड बसवू. यूट्यूब दिसतंय बघा."

"मी गाडी चालवताना यूट्यूब बघू?"

"तुमी कशाला चालवतासा? डायवर चालवंल की. तुमी बघा."

मी म्हटलं, "आवाज आपोआप का वाढतो, तेवढं सांग."

"बोर्ड गेलाय."

"बघितलास बोर्ड?"

"बघायला कशाला पायजे? लई बघितल्यात असले."

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. पायऱ्या न मांडता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलींच्या वह्यांवर मी लाल रेघ मारत आले. ह्या तांबड्या डोक्यावर मारायला माझ्या हातात पेन नव्हता, एवढंच. वर निघताना म्हणतो, "साहेबांस्नी घेऊन या एकदा, त्यांना समजावून सांगतो." साहेबांना! ज्यांना रेडिओचे सेलसुद्धा उलटेच घालता येतात त्यांना!

मग उद्यमबागेत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथं काचेचं दार, आत गारवा, टायवाला पोरगा आणि त्याच्या हातात टॅब. गाडीचा नंबर घेतला, मोबाईल घेतला, माझी जन्मतारीख घेतली. स्टिरिओकडं बघितलंसुद्धा नाही.

"मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. पार्ट येत नाही."

"मला पार्ट नको. कारण पाहिजे. ह्यात दोष आहे एवढं लिहून द्या."

"लिहून तसं देता येत नाही मॅडम. पण आपण एक्स्चेंज ऑफर बघितली का?"

मी उठले. तर मागनं पळत आला, म्हणाला, "मॅडम, फोन येईल, फीडबॅकला दहापैकी दहा द्या हं." दहापैकी दहा! कशाचे रे बाबा? जन्मतारीख बरोबर लिहून घेतलीस त्याचे?

गेटवरच्या वॉचमननं मला तणतणत जाताना बघितलं असणार. टोपी मागं सारून म्हणाला, "आक्का, मागच्या गल्लीत एकजण हाय, फौंड्रीच्या मशिनींची कंट्रोल बोर्डं दुरुस्त करतोय. गाड्यांचं करत न्हाय. पण विचारून बघा." एक लखलखाट आणि एक काचेचा महाल पालथा घातल्यावर अक्कल निघाली ती वॉचमनच्या टोपीखाली.

मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये तो माणूस होता. पन्नाशीचा, कन्नड, बोटांवर भाजल्याचे डाग. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टीचर, कवा वाढतंय? खड्ड्यात, का थांबल्यावर, का कवाबी?" इतक्या दिवसांत मला हा पहिला प्रश्न कुणीतरी विचारला होता. मला तिथंच बसून रडावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानं स्टिरिओभोवतीची काळी चौकट सोडवली, चार स्क्रू काढले आणि अख्खा डबा वायरींसकट बाहेर ओढून एका फळीवर ठेवला. आवाजाचं बटण फिरवून बघितलं. ते फिरताना कचकच करत होतं. नखानं बटण उचकटलं आणि मला हाक मारली, "नोडरी टीचर, बघा हिकडं." बटणाच्या दांडीभोवती पिवळट-लाल थर होता, वाळून दगड झालेला. त्यानं तो खरवडून वास घेतला. "अरिशिना. हळद. ओली आत उतरली की शॉर्ट होतंय, मग आपोआप चालू बी होतंय आन वाढतंय बी." मग सीडी घालायच्या फटीत चिमटा घातला आणि एकेक काढून कागदावर ठेवत गेला. अक्षता. झेंडूची पाकळी. सुपारीचा तुकडा. शेवटी एक रुपयाचं नाणं.

हे! आमचे हे!

दर खंडेनवमीला गाडीची पूजा हे करतात. चालवता येत नाही त्याची भरपाई म्हणून की काय, इतकी साग्रसंगीत करतात की देवळातला गुरव लाजावा. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, इथपर्यंत सगळं गाव करतं. ह्यांचं म्हणणं असं की खरं यंत्र आत असतं. म्हणून आत बसून प्रत्येक बटणाला ओली हळद, ओलं कुंकू, वर फुलानं पाणी. पंधरा खंडेनवम्या! आणि ह्या वर्षी विड्यावरचा रुपया उतरत्या डॅशबोर्डवरून घसरायला लागला असणार, म्हणून ह्या महाभागांनी तो सीडीच्या फटीत सरकवून दिला. सुपारीसकट. देवाची पेटीच ती.

मी हसले. इतकी हसले की त्या माणसाला पाणी आणावं लागलं. सुटले मी! माझा हात लागला नव्हता, माझं वय झालं नव्हतं, पुरावा कागदावर होता.

तो म्हणाला, "साफ करायच्या आधी एकदा लावून बघू. तुमी बसा, किल्ली अर्धी फिरवा, इंजिन चालू करू नका." मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तो उघड्या दारापाशी गुडघे टेकून, डोकं खाली घालून, स्टिअरिंगखालचे फ्यूज बघत होता. मी किल्ली अर्धी फिरवली. क्षणभर काही नाही. मग तो डबा एकदम ओरडला, त्या दिवशीसारखाच, पूर्ण आवाजात.

त्यानं हात लांब करून वायर उपटली. शांत झालं. तो तसाच खाली वाकलेला होता, वर बघत नव्हता.

"टीचर," तो म्हणाला. "पाय."

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. टेकलेला नव्हे, तळापर्यंत दाबलेला. ब्रेक त्याच्या शेजारी मोकळा होता. मला वाटत होतं, मनापासून वाटत होतं, की मी ब्रेक दाबून धरलाय.

मी पाय उचलला. तो उठला, फळीपाशी गेला आणि बटण स्पिरिटनं साफ करत बसला. तासभर. स्टिरिओ परत बसवला, आवाज वर-खाली करून दाखवला, अगदी लोण्यासारखा फिरत होता. मी विचारलं, "दोष काय होता ते लिहून देतासा?"

"स्टिरिओचं तेवढं लिहून देतो," तो म्हणाला. आणि कन्नडमध्ये चार ओळी लिहून सही केली.

ह्या माणसाबद्दल माझ्याकडं वाईट बोलायला एक शब्द नाही. फार शोधला.

पाडव्याच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, मी सगळ्यांसमोर तो कागद आणि फटीतून निघालेल्या सुपारी-रुपयाची पुडी ठेवली. मुलानं कागद दोनदा वाचला. भावजींनी रुपया उलटसुलटा करून बघितला. आमचे हे आधी चिडले. "यंत्राची पूजा यंत्राला लागायला नको? शास्त्र आहे ते!" मग मुलगा हसायला लागला, मग सगळेच. भावजी पोट धरून म्हणाले, "दादा, अजून एक खंडेनवमी झाली असती तर आतनं नारळ निघाला असता." किल्ली माझ्या हातात आली. मुलगा म्हणाला, "चुकलं आई, आम्ही उगाच तुझ्यावर घातलं." तो खरंच ओशाळला होता. गाडी विकायचा विषय मिटला.

आणि मी त्या तिघांकडं बघत होते. एक इंजिनिअर, एक पतसंस्थेचा संचालक, एक निवृत्त हेडक्लार्क. स्टिरिओ ओरडला, कबूल. पण स्टिरिओ ओरडला म्हणून गाडी पुढं का जाईल? मधली पायरी कुठंय? आठवीतल्या पोरीनं हात वर करून विचारलं असतं, "बाई, मग गाडी का उसळली?" ह्यांच्यापैकी एकाला सुचलं नाही. इतकी ठोंब्या डोक्याची माणसं, आणि ह्यांच्यापुढं मी जिंकले! मला त्यांची किळस आली. स्वतःची त्याहून आली. कारण त्यांना पायरी माहीत नव्हती, आणि मी ती माहीत असून गाळली होती.

तरी मी गप्प बसले. रात्रभर गप्प बसले. निपाणी पाहिजे होतं मला, बास.

भाऊबीजेच्या सकाळी मी आक्काकडं निघाले. भाऊ नाही आम्हाला, त्या दिवशी एकमेकींनाच ओवाळतो. गाडी पुसत होते तर समोरची शेजारीण आली. नवी साडी, हातात पिशवी, पिशवीत ओवाळणीचं ताट. तिचा भाऊ संकेश्वरला असतो. आमच्या घरातून स्टिरिओची हकिकत गल्लीभर झालीच होती.

"बाई, त्या दिवशी लई बोलून गेलो तुम्हास्नी," ती म्हणाली. "मनात धरू नका. मला सोडतासा काय संकेश्वरला? बसला आज पाय ठेवायला जागा नसतीया."

नाही कसं म्हणायचं? ती पुढं बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि पदर सावरून म्हणाली, "तुमच्यासंगं काय भ्या न्हाय. एवढ्या वर्सांचा हात हाय तुमचा."

मी किल्ली घातली. इंजिन चालू केलं. आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी खाली वाकून बघितलं, ब्रेक कुठला आणि दुसरा कुठला.

"काय पडलं?" तिनं विचारलं.

समोर तिच्याच कट्ट्याचा उडालेला कोपरा होता, अजून सिमेंट न लावलेला. मी इंजिन बंद केलं.

"काही पडलं न्हाय," मी म्हटलं. "त्या दिवशी माझा पाय ब्रेकवर न्हवता. ॲक्सिलरेटरवर होता. स्टिरिओ नुसता ओरडला. गाडी मी घातली तुमच्यावर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं. मला वाटलं शिव्या देईल, त्या दिवशीसारखी गल्लीच्या मधोमध उभी करेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दार उघडलं, पिशवी छातीशी धरली आणि उतरली.

"बसनंच जातो मी," म्हणाली आणि चालायला लागली.

मी आत गेले. मुलगा चकली खात फोन बघत होता. त्याच्या ताटाशेजारी किल्ली ठेवली. "संकेश्वरला आणि निपाणीला सोड आम्हाला. आणि माघारी आलास की गाडीचं काय करायचं ते कर."

"का? आता तर सगळं व्यवस्थित झालंय ना?"

"चालव म्हणते न्हवं!"

ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. मी तिला दोन हाका मारल्या. तिनं वळून बघितलं आणि तिथंच उभी राहिली. मुलगा ड्रायव्हरच्या सीटवर बसला, त्यानं दार लावलं, ते तिनं नीट बघून घेतलं. मग ती परत आली.

आम्ही दोघी मागं बसलो. काकती गेलं तरी तिनं पिशवी आमच्या दोघींच्या मधेच ठेवली होती.